घरगाडी टेंभुर्णीला

१४ जुलै, सोमवार

...भाकरी थापायला घेतली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गाडी एका तळ्याच्या काठाला उभी होती. गावाचं नाव आता आठवत नाही. मी मागच्या दारात बसून परातीत पीठ मळत होते, गॅसवर चहा होता. हे हापशावरून पाण्याचे कॅन आणून टपावरच्या टाकीत ओतत होते. मग त्यांनी इंजिनातली ऑइलची पट्टी काढली, पायजम्याला पुसली, पुन्हा बुडवून बघितली. मी ओरडले, "फडकं दिलंय ना हातात!" म्हणाले, "फडकं स्वच्छ आहे, खराब कशाला करायचं?" नंतर मी भांडी घासली, अंथरुणं गुंडाळली, दोरीवरची साडी काढली. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नाही. आज सकाळपासून तीच सकाळ डोक्यात आहे.

कारण आज गाडी सुरू झाली नाही.

किल्ली फिरवली की ती आधी खोकायची, मग थरथरायची, मग लागायची. आज नुसतं कट, कट. हे गेल्यापासून एक सकाळ चुकवली नव्हती मी. देवाजवळ दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं आणि गाडी पाच मिनिटं चालू करायची. तिचा आवाज ऐकला की दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं.

ही डायरी तृप्तीनं दिलेली, तिच्या बँकेची, मागच्या सालातली. वार जुळत नाहीत, ते मी खोडून लिहिते. पोरगी पुण्याहून म्हणाली होती, "आई, मनात येईल ते लिही." इतके दिवस मनात आलं ते कागदावर न्यावंसं वाटलं नाही. आज वाटलं. यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. लिहायला हरकत नसावी. बद्रीनाथ.

१५ जुलै, मंगळवार

राधेश्यामला निरोप पाठवला. हे साखर कारखान्याच्या ट्रकवर होते तेव्हा राधेश्याम यांच्या हाताखाली क्लिनर होता. आता वडीगोद्रीच्या हायवेला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ.

"वहिनी, बॅटरी मेली."

"अरे पण रोज चालू करत होते मी."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. दिवा लावला की लगेच."

तो डोक्याला हात लावून पायरीवर बसला. "अवो, त्यानंच मेली ना! चालू करायला बॅटरी जेवढा जोर लावती, तेवढं पाच मिनिटांत भरून येत न्हाई. रोज थोडंथोडं काढून राह्यल्या तुम्ही तिच्यातलं. अन् इंजिन गरम व्हायच्या आत बंद, म्हंजे आत सगळी काजळी. गाडी पळवावी लागती, वहिनी. जागेवर गुरगुरून काय उपयोग?"

मला वाटत होतं मी तिची काळजी घेते आहे. मी त्याला म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंस? रोज आवाज ऐकत होतास की."

तो पान्हे गोळा करत राहिला. मग खाली बघूनच बोलला, "सकाळी सकाळी आवाज आला की मलाबी बरं वाटायचं."

जाताना म्हणाला, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी भंगार घेणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा आहे. तृप्तीही भंगारात दे म्हणते. शाळेची जुनी मिनीबस होती ती. यांनी तिच्यातली बाकडी काढून पलंग बसवला, ओटा केला, टपावर टाकी बसवली. तीन हिवाळे आम्ही तिच्यात राहिलो. ती वितळून तिच्या सळया होतील आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातील. वाईट नाही ते, पण मन होत नाही.

१७ जुलै, गुरुवार

लाडबाई आल्या. नातू श्रेयांस त्यांना धरून घेऊन आला. लाडबाईंच्या दुकानातून आम्ही माझ्या लग्नापासून किराणा आणतो. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची गोडी लागली ती त्यांच्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून. ते लक्षात आल्यावर लाडबाई माझ्यासाठी जुने अंक पुड्या न बांधता बाजूला ठेवायला लागल्या. "हिला गुळापेक्षा कागद जास्त लागतो," म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन चालतात.

आज आल्या त्या सरळ मुद्द्यावर. त्यांचे थोरले भाऊ सुरजमलशेठ जाफराबादजवळच्या टेंभुर्णीला, माहेरी असतात. वर्षभर अंथरुणाला आहेत. आता जेवण फार कमी झालं आहे. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे, दिवस थोडे आहेत.

"राखीला मला भायांकडं पोचव," लाडबाई म्हणाल्या. "पुढची राखी त्यांना मिळंल असं वाटत न्हाई."

"मी? कशी?"

"तुझ्या गाडीत पलंग आहे. मला बसून जाववत नाही. खुबा दुखतो."

"श्रेयांसची मोटार आहे ना."

"तिच्यात दुखतो."

"मग अँब्युलन्स..."

"मी काय मेले का? राखी बांधायला अँब्युलन्समधून उतरले तर भायांचं हार्ट तिथंच बंद पडंल."

मी म्हटलं, "काकी, गाडीचं चाक दीड वर्ष हललेलं नाही."

"मंग हलव."

श्रेयांस सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. एकदा वर बघून काही बोलणार होता, तर आजीची काठी त्याच्या बुटावर पडली.

राखी पौर्णिमा नऊ ऑगस्टला आहे. मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

१९ जुलै, शनिवार

नवी बॅटरी बसवली. गाडी लागली, भरपूर पांढरा धूर काढला आणि बंद पडली. पुन्हा तेच. राधेश्याम म्हणतो डिझेलचा पंप गेला, काढून जालन्याला द्यावा लागेल, राखीपर्यंत मिळेल याची खात्री नाही.

गाडीबरोबर आलेली हिंदी पुस्तिका माझ्याकडे आहे. हे हसायचे, "गाडीचं पुस्तक वाचणारी बाई पहिल्यांदा बघितली." हिवाळ्यात रस्त्यावर दुसरं वाचायला नसलं की मी तेच वाचायची. आज पुन्हा काढलं. त्यात लिहिलं आहे, धूर येऊन इंजिन बंद पडत असेल तर आधी सोपं तपासा, मग अवघड. टाकीतलं डिझेल, मग फिल्टर, मग नळ्या, मग पंप. राधेश्यामनं शेवटापासून सुरुवात केली होती.

२० जुलै, रविवार

राधेश्यामला पुस्तिका दाखवली. "पुस्तकात सगळं सोपंच असतं," म्हणाला, पण बसला. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला केला तर आधी पाणीच आलं. टाकी अर्धवट भरलेली राहिली की आत दंव धरतं म्हणे. जुनं डिझेल सगळं काढलं.

तरीही बंदच पडत होती. मग त्यानंच डोकं चालवलं. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीच्या जागी पारदर्शक नळी लावली आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमची नजर बारीक. बघा, बुडबुडे येऊन राह्यले का." आले. एका जोडापाशी रबर चिरलं होतं, तिथून हवा ओढली जात होती. तो जोड बदलला, हातपंपानं दाबून दाबून नळीतली हवा काढली.

गाडी लागली. आणि लागून राहिली. मी घरात जाऊन चहा टाकला. चहा होईपर्यंत ती चालूच होती. राधेश्यामला बशीत ओतून दिला तर त्याच्याही डोळ्यांत धूर गेला असावा.

२४ जुलै, गुरुवार

हॉर्न वाजत नाही, एक दिवा लागत नाही. वायरी उंदरांनी खाल्ल्या आहेत. राधेश्याम औषध आणायला निघाला तर लाडबाईंचा फोन. त्यांना कोण सांगतं कोण जाणे.

"चातुर्मासात माझ्या जाण्यापायी एकबी जीव मेला तर मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई."

"काकी, उंदीर आहेत ते."

"त्यांनाबी भाऊ असतील."

श्रेयांस पिंजरा घेऊन आला. रोज एक-दोन सापडतात. बिचारा मोटारीत पिंजरा ठेवून कालव्यापलीकडे नेऊन सोडतो. राधेश्याम म्हणाला, "शेठ, ते तुमच्याआधी घरी परत येत असतील." श्रेयांस म्हणाला, "आज एकाला ओळखलं मी. त्यानंबी मला ओळखलं."

पुष्कळ दिवसांनी मी मोठ्यानं हसले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

२९ जुलै, नागपंचमी

दोन्ही मागची चाकं धरली होती. ड्रम काढून ब्रेकचा सगळा गंज घासला. टपावर, पलंगाच्या बरोबर वर, पाणी झिरपत होतं. मी स्वतः शिडीवर चढून जुनं डांबर खरवडलं आणि नवी पट्टी चिकटवली. आज चिरायचं, कापायचं नसतं, खरवडायला मनाई नसावी.

पाण्याची टाकी तीनदा धुतली. पलंगाखाली यांची एक चप्पल सापडली. एकच. पुसून परत ठेवली.

गाडीचे विमा वगैरे कागद श्रेयांस जालन्याला जाऊन करून आला. या मुलाचे उपकार कसे फेडू? लहान होता तेव्हा मी त्याला दुकानात बसून गोष्टी वाचून दाखवायची, एवढंच.

२ ऑगस्ट, शनिवार

गाडी रस्त्यावर गेली. राधेश्यामनं अंकुशनगरच्या साखर कारखान्यापर्यंत नेऊन आणली. कारखाना बंद आहे, रस्ता मोकळा होता. मी मागे पलंगावर बसले, लाडबाईंना किती हिसके बसतील ते बघायला.

परत येताना तो म्हणाला, "वहिनी, पुढं या. घ्या थोडी हातात. लायसन हाये ना तुमच्याकडं."

आहे. यांनीच काढायला लावलं होतं. म्हणाले होते, रस्त्यात मी आजारी पडलो तर? आणि तसंच झालं. सोलापूरकडून येताना बीड सोडलं आणि यांच्या छातीत कळ आली. हे बाजूच्या सीटवर सरकले, मी चालवायला बसले. गेवराईच्या दवाखान्यापर्यंत मी गाडी नेली. हे सगळ्या वाटेनं बोलत होते. "आता तिसरा टाक. घाई नको. आता चौथा. छान." दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली तेव्हा म्हणाले, "हँडब्रेक ओढ." त्यानंतर त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी होण्यासारखं होतं तेवढं केलं.

मी राधेश्यामला म्हटलं, "आज नको."

तो गाडी चालवत राहिला. चांगला माणूस आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

श्रेयांसची बायको कनिका पलंगाचं माप घ्यायला आली, नवी गादी शिवायची म्हणून. बोलता बोलता म्हणाली, "दादी मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जालन्याला जाऊन आल्या ना, तेव्हापासून गादीचंच चाललंय."

"जालन्याला? कशानं?"

"आमच्या गाडीनं."

"बसून?"

"हो, वाटेत भजनं म्हणत होत्या." मग ती माप पुन्हा घ्यायला लागली, घेतलेलंच.

मला कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं असंच असतं, एक दिवस असतं, एक दिवस नसतं. टेंभुर्णी जालन्याच्याही पुढे आहे, तेवढं लांब झेपत नसेल.

तृप्तीचा फोन आला. तिला सांगितलं. ती आधी ओरडली, मग विचारलं, "गाडी कोण चालवणार?" राधेश्याम म्हटल्यावर शांत झाली. म्हणाली, "आई, तुझा आवाज वेगळा येतोय." मी म्हटलं, रेंजचं काही असेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टेंभुर्णीहून सुरजमलशेठांचा मुलगा मयंक याचा फोन लाडबाईंना आला. शेठ दोन दिवस नुसतं पाणी घेत आहेत. दारात गाडी वाजली की विचारतात, "लाडी आली का?" मयंक म्हणाला, आत्या, उद्या नक्की या, परवावर टाकू नका.

मी सगळं पुन्हा तपासलं. ऑइल, पाणी, पंख्याचा पट्टा, टायर. संध्याकाळी कनिका ताट घेऊन आली. गाडीला कुंकू लावलं, नारळ वाढवला आणि पुढच्या जाळीवर लाल चुनरी बांधली, जरीची, लांबरुंद. यांच्या दसऱ्याच्या रिवाजाप्रमाणे मी झेंडूचा जाड हार घातला. गाडी नवरीसारखी दिसत होती. राधेश्यामनं फोटो काढला.

११ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवस लिहायला झालं नाही. आता घरी आहे, सगळं नीट लिहिते.

शनिवारी सकाळी निघालो. लाडबाई पलंगावर आडव्या, उशाशी राखीचं ताट. राखी बांधेपर्यंत त्या काही खाणार नव्हत्या, पाणीसुद्धा नाही. राधेश्याम चालवायला, मी त्याच्या शेजारी. अंबड गेलं, जालना गेलं. जालन्यात पाऊस सुरू झाला. मी मागे वळून बघितलं, टप गळत नव्हता. फार बरं वाटलं.

राजूरच्या रस्त्याला लागलो आणि चढावर इंजिनच्या उष्णतेचा काटा वर जायला लागला. मी म्हटलं, "राधेश्याम, काटा." तो म्हणाला, "येईल खाली." आला नाही. लाल पट्ट्यात गेला, पुढून वाफ निघाली. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि मी थांब म्हणेपर्यंत फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. इतकी वर्षं गाड्यांत काढलेला माणूस. पण त्यालाही टेंभुर्णीची घाई होती. उकळतं पाणी उसळलं, उजवा तळहात भाजला. मी प्यायच्या पाण्याचा कॅन त्याच्या हातावर ओतत राहिले. तो ओरडला नाही, नुसता "आई, आई" करत होता.

तेवढ्यात मागून श्रेयांसची मोटार येऊन थांबली.

"तू कसा इथे?" मी विचारलं.

"मला टेंभुर्णीत सरकी बघायचीय, मावशी."

राखीच्या दिवशी सरकी कोण दाखवतं कोण जाणे. त्याच्या मागच्या सीटवर उशा रचून ठेवल्या होत्या, एकावर एक, जवळजवळ गादीच. व्यापारी माणसं प्रवासात किती सामान नेतात!

तो आजीला म्हणाला, "दादी, चला, गाडीत बसा."

"गाडीतच आहे मी."

"दादी, ही बंद पडली. मामा-आजोबा वाट बघून राह्यले. मयंककाकांचा आत्ता फोन आल्ता. त्यांनी सकाळपासून पाणीबी सोडलंय, राखी बांधल्यावरच घेतो म्हणतात."

लाडबाई उठून बसल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी श्रेयांसच्या मोटारीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "उषा, होतंय का तुझ्याच्यानं? न्हाई म्हणालीस तर मी उतरते. भायांपुढं माझा हट्ट मोठा न्हाई."

मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या, काकी."

आधी सोपं, मग अवघड. पाणी निघताना भरलेलं होतं. पट्टा तुटला नव्हता. नळ्यांना हात लावून बघितला, कुठे फुटल्या नव्हत्या. अंकुशनगरला गेलो तेव्हा काटा हलला नव्हता. मग त्या दिवसात आणि आजमध्ये फरक काय? मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. पावसात कनिकाची चुनरी भिजून जाळीला अशी चिकटली होती की एक भोक दिसत नव्हतं. तिच्यावर माझा झेंडूचा हार, भिजून गोधडीसारखा. इंजिनला वारा लागायला जागाच नव्हती. आम्ही तिला सजवून तिचा श्वास बंद केला होता.

हार तोडला. चुनरी सोडली, पिळली, घडी करून लाडबाईंच्या ताटाखाली ठेवली. इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग मी किल्ली फिरवली, ते चालू ठेवून थोडंथोडं पाणी घातलं. एकदम गार पाणी ओतलं तर इंजिन तडकतं, हे पुस्तिकेत जाड अक्षरांत आहे. काटा खाली आला, मधे येऊन थांबला. मी इंजिन बंद करून किल्ली राधेश्यामकडे दिली.

राधेश्यामचा हात पिशवीसारखा फुगला होता. श्रेयांस म्हणाला, मी यांना राजूरच्या डॉक्टरकडे नेतो.

"मग गाडी?" मी म्हटलं.

राधेश्यामनं डाव्या हातानं किल्ली माझ्यापुढे धरली. "वहिनी, तिसऱ्यात चढवा. चौथ्याची घाई करू नका."

हे त्याला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

मी बसले. सीट पुढे ओढली. क्लच सोडताना गाडीनं हिसका दिला. मागून लाडबाईंचा णमोकार मंत्र ऐकू यायला लागला. भीतीनं की भक्तीनं, मी विचारलं नाही. रस्ता ओला होता, दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार. शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही असं नाही, बघितलं. पण चढावर तिसरा, सपाटीला चौथा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. हातांना माहीत होतं. गेवराईच्या रस्त्यावर हे जे बोलत होते, ते त्या दिवसापुरतं नव्हतंच बहुतेक.

टेंभुर्णीत घरासमोर गाडी उभी केली. मयंक धावत आला. सुरजमलशेठ आत खिडकीजवळच्या कॉटवर होते, अगदी हाडं राहिलेली. आवाज मात्र खणखणीत.

"लाडी, उशीर केलास."

"चुनरी आडवी आली, भाया."

"नेहमी काहीतरी आडवं येतं तुझ्या. लग्नाला बैल आडवे आल्ते."

त्यांनी हात पुढे केला. लाडबाईंनी राखी बांधली, गाठ बसेना म्हणून ती मी मारली. मग मयंकनं वडलांना चमच्यानं पाणी पाजलं आणि लाडबाईंनी पेलाभर पाणी एका दमात संपवलं. नंतर भावानं दोन घास मऊ खिचडीचे खाल्ले. सून दारात उभी राहून रडत होती. तीन दिवसांत पहिले घास होते ते.

संध्याकाळच्या आत राधेश्याम हाताला पट्टी बांधून आला, श्रेयांसबरोबर. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पुसट ओरखडासुद्धा न्हाई. मालक खूश झाले असते." श्रेयांसनं सरकीचं नावही काढलं नाही.

तृप्तीला फोन केला. "मी चालवली," एवढंच म्हटलं. मग ती म्हणाली, "बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं, "त्यांना माहीत आहे."

सुरजमलशेठांनी खिडकीतून गाडी बघितली होती. मला जवळ बोलावून विचारलं, "आत खरंच पलंग आहे?"

"आहे, काका. टाकी आहे, शेगडी आहे."

"पूर्णेला पाणी आलंय म्हणतात. वर्षभरात मी या खिडकीपलीकडं काही बघितलं न्हाई."

मयंक लगेच म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय."

लाडबाई म्हणाल्या, "मंग झोपूनच जायचंय की."

मयंकनं डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. म्हणाला, "जे मागतील ते करा म्हणाले." मी बाहेर जाऊन गाडीतलं पाणी, ऑइल बघितलं आणि पलंगावरची चादर बदलली.

त्या दिवशी मी खूप जणांची ऋणी झाले. राधेश्यामची, श्रेयांसची, त्याच्या बायकोची, चुनरीसकट. लाडबाईंची तर सर्वांत जास्त, पण नेमकी कशासाठी ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही. गाडी माझी होती आणि उपकार मी केला, असं सगळे म्हणत होते. मला मात्र ते उलटंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयंकनं वडलांना उचलून पलंगावर निजवलं, लाडबाई त्यांच्या पायाशी बसल्या, आणि मी दोघांना जाफराबादला पूर्णेच्या पुलापर्यंत नेऊन आणलं.